वासावरून रानातल्या प्राण्यांची गणती

आपल्या आहुप्याच्या रानात शेकरू राहते. ते महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याच्यासाठीच १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले. वनखात्याचे लोक झाडांवरची घरटी मोजून शेकरांचा अंदाज घेतात. मान वर केली की घरटे दिसते. पण बिबट्या, उदमांजर, खवले मांजर रात्री हिंडतात आणि माणसाची चाहूल लागली की दडतात. त्यांची गणती कशी करायची? त्याला एक उपाय आहे, कुत्र्याचे नाक.

माझा आजा म्हणतो, "आपल्याला दिसत नाय ते कुत्र्याला वासानं कळतं." ते खरेच आहे. शिकवताना कुत्र्याला एकाच प्राण्याच्या विष्ठेचा वास देतात. ती विष्ठा त्याने हुडकली की लगेच चेंडू खेळायला देतात. मग चेंडूसाठी तो रानभर वास घेत फिरतो. वारा समोरून किंवा बाजूने येईल असे त्याला नेतात, म्हणजे वास नाकाशी येतो. विष्ठा सापडली की तो गुपचूप खाली बसतो. प्राण्यामागे धावायचे नाही, हा पहिला नियम. माणूस ती विष्ठा पिशवीत भरून तपासायला पाठवतो. प्राणी कोणता, नर की मादी, त्याने काय खाल्ले, हे सगळे त्यावरून समजते. प्राण्याला पकडावे लागत नाही.

ही युक्ती जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये १८९० नंतर रिचर्ड हेन्री यांनी काकापो नावाचे न उडणारे पोपट कुत्र्याकडून शोधले. पक्ष्यांना चावू नये म्हणून कुत्र्याला मुसके बांधत. अमेरिकेत टकर नावाचा कुत्रा होडीत उभा राहून समुद्रावर तरंगणारी ओर्का देवमाशांची विष्ठा दाखवीत असे. आपल्या देशात २००८ पासून वनखात्यासाठी कुत्री तयार होऊ लागली. ती मुख्यतः शिकारी आणि चोरटी कातडी, हाडे पकडून देतात.

पण मित्रांनो, मोकाट कुत्रा रानाला घातक आहे. तो ससे आणि भेकरे यांच्या मागे लागतो, रोगही नेतो. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्यांच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांना होतो.

आपण हिरडा गोळा करायला जातो तेव्हा घरची कुत्रीही मागून येतात. मला वाटते, त्यांना घरीच बांधावे आणि जनावरांच्या डॉक्टरांकडून लस टोचून घ्यावी. शिकवलेला कुत्रा रान राखतो. आपला कुत्रा आपण आवरला तर तोही रान राखायला मदतच करील.