खोपा अर्धाच का लटकतो?

पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या घरामागची विहीर गाठा आणि तिच्यावर झुकलेल्या शिंदीकडे बघा. सुगरणींचे खोपे वाऱ्यावर हेलकावत असतात. पण त्यातले काही अर्धेच! वर घुमट, खाली नुसतं आडवं कडं. आत शिरायची ती लांब नळी नाहीच. वाऱ्याने मोडले, की कारागीर कंटाळला?

या अर्ध्या खोप्यांमागची गोष्ट उलगडली तीही अशाच एका घराजवळ. १९३० साली पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींच्या हाती नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला ते राहत होते आणि जवळच सुगरणींची वसाहत होती. ते बघत बसले, आणि बेकारीतल्या त्या बघण्यातून १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक गाजलेला लेख आला.

खोपा विणतो नर, पिवळ्या डोक्याचा! भाताच्या किंवा उसाच्या पात्याला तो कडेने चोचीने खाच पाडतो, टोक पकडतो आणि उडतो. पातं टर्रकन फाटून लांब पट्टी हाती येते. हाती म्हणजे चोचीत. मग गाठी, वेटोळी, आतबाहेर ओवणं. अशा शेकडो खेपा. ना हात, ना सुई!

आणि ऐन रंगात आलेलं काम तो थांबवतो. आता मादी येणार. अर्धा खोपा म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. नर कड्याला लटकून पंख फडफडवतो, गळा काढून ओरडतो. बाईसाहेब आत शिरतात, विणीला चोच लावून बघतात. नापसंत? निघाल्या. पसंत पडला तरच अंड्यांची खोली बंद होते आणि नळी विणली जाते. म्हणजे आपल्याला दिसलेले बरेच अर्धे खोपे मोडलेले नव्हतेच. एकतर ते पसंतीची वाट बघत होते किंवा नाकारले गेले होते.

घुमटाला आतून तो चिखलही थापतो. काजव्यांचे दिवे चिकटवायला, असं लोक म्हणतात. खरं कारण काही का असेना, कल्पना झकास आहे.

फोटो काढणाऱ्याला याहून सोयीचा पक्षी कुठला? एरवी पक्ष्यामागे धावावं लागतं. हा स्वतःच पुन्हापुन्हा त्याच जागी येतो. दुरूनच, लांब पल्ल्याच्या लेन्सने खोप्यावर फोकस धरून ठेवा. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकं वेगवान असेल तर फडफडते पंखही गोठतात. आभाळ भरलेलं असेल तर आयएसओ वाढवा, फोटो थोडा दाणेदार झाला तरी चालेल. फक्त ‘मध्ये येते’ म्हणून फांदी तोडू नका. तो आडोसा त्यांचा आहे.

मग फोटो मोठा करून बघा. डोळ्यांना नुसतं गवत दिसलं होतं तिथे एकेक गाठ मोजता येते.

मादी अंड्यांवर बसली, की कॅमेरा आवरायची घाई नको. पिल्लांचं ती बघते. हा पठ्ठ्या तोवर जवळच्या झावळीवर दुसऱ्या खोप्याची पहिली गाठ मारत असतो, दुसरीसाठी!