प्रवेश मिळाला, पण मान?

एडवर्ड बूशे यांनी 1876 मध्ये येल विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण मोठ्या विद्यापीठांची दारं त्यांना बंदच राहिली. फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांच्या संस्थेत विज्ञान शिकवण्यात त्यांची 26 वर्षं गेली.

त्याच फिलाडेल्फियात 1896 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आले. आदल्याच वर्षी त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांच्यावर सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी सोपवली. ते घरोघर हिंडले, माहिती गोळा केली आणि त्यातून 1899 मध्ये आलेला ग्रंथ आज अमेरिकी समाजशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत गणला जातो. विद्यापीठाने मात्र त्यांना साहाय्यकाचं पद दिलं, शिकवायला वर्ग दिला नाही. पुढे त्यांचं अध्यापन आणि संशोधन बहरलं ते अटलांटा विद्यापीठात. अटलांटा, फिस्क, हॉवर्ड या संस्था कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीच उभ्या राहिल्या होत्या. गोऱ्या विद्यापीठांनी नाकारलेली विद्वत्ता त्यांनी जोपासली.

गोऱ्या विद्यापीठांत शिरकाव झाला, तरी अवहेलना सुटली नाही. 1948 मध्ये कोर्टात जाऊन जॉर्ज मॅक्लॉरिन यांनी ओक्लाहोमा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी प्रवेश मिळवला. त्यांना वर्गालगतच्या कोनाड्यात बसवण्यात आलं. ग्रंथालयात त्यांचं टेबल पोटमाळ्यावर. खालच्या वाचनकक्षात बसायची मनाई. उपाहारगृहात वेगळं टेबल आणि जेवणाची वेळही वेगळी. खटला चालू असताना त्यांना वर्गात घेतलं, पण त्यांच्या जागेभोवती काही काळ कठडा होता आणि त्यावर ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’ अशी पाटी. व्याख्यान तेच, पुस्तकं तीच! तरीही सर्वोच्च न्यायालयाने जून 1950 मध्ये एकमताने हा भेदभाव बेकायदा ठरवला. सहाध्यायांशी चर्चा करता येत नसेल तर शिक्षण अपुरं राहतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

पुढचा प्रश्न अभ्यासक्रमाचा होता. नोव्हेंबर 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांनी संप पुकारला. आमचा इतिहास अभ्यासक्रमात का नाही, आमचे प्राध्यापक कुठे आहेत, असा त्यांचा सवाल होता. संप मार्च 1969 पर्यंत चालला आणि कृष्णवर्णीय अभ्यासाचा स्वतंत्र विभाग पदरात पडला.

या लढ्याशी आपलंही नातं आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं.

जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत रद्द केली. तेव्हापासून वाद पुन्हा प्रवेशाच्या टक्क्यांभोवती फिरतो आहे. पण दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो, की प्रवेश ही पहिली पायरी. शिकवतं कोण आणि कोणाचं जगणं अभ्यासाचा विषय ठरतं, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही विद्यापीठाला समतेचं प्रशस्तिपत्र देऊ नये.