हद्द झाली, मंडळी!

टूरच्या प्रोग्रॅममध्ये त्या दिवसासमोर एवढंच छापलेलं असतं: ‘ब्रेकफास्टनंतर बसने नायगाराकडे.’ साइटसीइंग कमी, सीट-सीइंग जास्त! मग बरेच जण मानेला उशी लावतात आणि डोळे उघडतात ते थेट धबधब्यापाशी. प्लीज, असं करू नका. अमेरिका टूरमधला सगळ्यात भन्नाट दिवस हाच आहे.

‘वॉशरूम ब्रेक, फक्त पंधरा मिनिटं!’ असं टूर मॅनेजर का बजावतो, माहीत आहे का? न्यूयॉर्क ते नायगारा म्हणजे साधारण साडेसहाशे किलोमीटर. अमेरिकेत प्रवासी बसचा ड्रायव्हर सलग आठ तास विश्रांती घेऊन आला, तरी पुढे जास्तीत जास्त 10 तासच गाडी चालवू शकतो. तसा कायदाच आहे! त्यामुळे कॉफीच्या रांगेत जरा बेताने.

वाटेत कॉर्निंगच्या काच म्युझियमला थांबलात, तर आत एक राक्षसी काचेची तबकडी शोधा. 200 इंच रुंद! 1934 मध्ये पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी ओतलेला हा पहिला आरसा बिघडला. दुसरा जमला, तो आकाश बघायला गेला. पहिला मात्र इथेच राहिला आणि आता जग त्याला बघायला येतं.

आता बॉर्डर! अमेरिका-कॅनडा सीमा 8,891 किलोमीटर, दोन देशांमधली जगातली सर्वांत लांब. जंगलातून जाते तिथे झाडं तोडून सहा मीटर रुंद पट्टा मोकळा ठेवलाय. देशांच्या मधोमध पाडलेला चक्क भांग!

आणि नायगाराच्या दरीवरचा पहिला पूल कशाने सुरू झाला, माहीत आहे का? पतंगाने! होय, पतंगाने! साल 1848, महिना जानेवारी, म्हणजे आपल्या संक्रांतीचाच मोसम. खाली खवळलेलं पाणी, दोन्हीकडे उभे कडे. पहिली दोरी पलीकडे न्यायची कशी? इंजिनिअर चार्ल्स एलेटच्या पुलासाठी पतंगांची स्पर्धा लागली. होमन वॉल्श हा अमेरिकन पोरगा वारा साधायला बोटीने कॅनडाच्या काठावर गेला. पतंग चढला, दरी ओलांडली... आणि बर्फाच्या कडेला घासून दोरी तुटली. काटा!

त्यातच नदीत बर्फ दाटला, बोट बंद पडली आणि पठ्ठ्या आठ दिवस परदेशात अडकला. परत आला, पतंग दुरुस्त केला, पुन्हा पलीकडे गेला आणि या वेळी दोरी पोचवलीच. मग तिला बांधून जाड दोरी, त्यामागून आणखी जाड, शेवटी लोखंडी तार. कोट्यवधींचे पूल नंतर आले, पण माझा सलाम त्या मांजालाच!

बर्फाची दादागिरी तिथे थांबली नाही. 1938 च्या जानेवारीत नदीतल्या बर्फाने रेटा दिला आणि ‘हनिमून ब्रिज’ कोसळला. हनिमून संपला! त्याच्या जागी 1941 मध्ये आला आजचा रेनबो ब्रिज. सुमारे 440 मीटर लांब, ट्रकना नो एंट्री. मधोमध सीमेची पाटी आहे, चालत जाणारे तिथे एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात.

तारेवरची कसरत करून व्हिसा मिळवला, असं आपण म्हणतो. निक वॉलेंडाने 15 जून 2012 ला तारेवरून चालत, थेट नायगाराच्या हॉर्सशू धबधब्यावरून, बॉर्डर ओलांडली! सोबत काय होतं, माहीत आहे का? पासपोर्ट! कॅनडात उतरताच अधिकाऱ्याने तो तपासला आणि विचारलं, येण्याचं कारण? तो म्हणाला, जगभरच्या लोकांना प्रेरणा द्यायला.

थोडं कामाचं. अमेरिकेच्या व्हिसावर आपला भारतीय पासपोर्ट कॅनडात चालत नाही, कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. पासपोर्ट बॅगेत नको, पर्समध्ये हवा. कॅनडातून परतताना लाडू-चिवडा विचारला तर बिनधास्त सांगा. लपवलं की दंड, सांगितलं तर फार तर वस्तू जाते. आणि पोरांनो, खेळणं पोटात असलेलं किंडर सरप्राइज अंडं अमेरिकेत बंद आहे. 1938 च्या कायद्याचं सरप्राइज!

आपला हापूस मात्र 2007 मध्ये ऐटीत अमेरिकेत शिरला. कुठून, माहीत आहे का? नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून. केंद्र उभारलं कांद्यासाठी, नशीब फळफळलं आंब्याचं!

नकाशावरची गंमत बघायचीय? डेट्रॉइटहून समोरच्या कॅनडात जायला दक्षिणेकडे जावं लागतं. वॉशिंग्टन राज्यातल्या पॉइंट रॉबर्ट्सची मोठ्या वर्गातली मुलं अमेरिकेतूनच अमेरिकेतल्या शाळेत जातात, पण मध्ये कॅनडा लागतो. रोज चार वेळा बॉर्डर! आणि व्हर्मॉन्टमधल्या डर्बी लाइनचं 1904 चं हॅस्केल ऑपेरा हाउस? स्टेज कॅनडात, बहुतेक खुर्च्या अमेरिकेत. प्रयोग परदेशी, टाळ्या देशी! मधल्या जमिनीवर काळी रेघ आखलीय. 2025 पासून तिथे कॅनडाकडून येणाऱ्यांसाठी नियम कडक झालेत, हे मात्र मनाला लागतं.

आता शेवटची धमाल. ‘मेड ऑफ द मिस्ट’ बोट 1846 मध्ये सुरू झाली ती साइटसीइंगसाठी नव्हे, तर सीमा ओलांडणारी फेरी म्हणून. पतंगवाल्या पुलाने गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा ती धबधबा दाखवायला लागली. आजही हॉर्सशूच्या पोटात शिरताना ती कॅनडाच्या पाण्यात जाते आणि पासपोर्ट कोणी मागत नाही! निळे रेनकोट अमेरिकेच्या बोटीवर, लाल कॅनडाच्या. लालवाले दिसले की हात हलवा!