कुंडीतली भाजी (भाग ७) : भोक पाडलं कोणी?

मागच्या आठवड्यात खतांवर लिहिलं आणि वाचकांचे प्रश्न आले ते किडींबद्दल. बहुतेकांचा सूर एकच : ‘पानांना भोकं पडलीत, काय मारू?’ हाच प्रश्न घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलात तर काउंटरवर एक बाटली येते, आणि बऱ्याचदा ती आपल्या कामाची नसते. पान कुरतडणारी अळी, रस शोषणारा मावा आणि कोवळ्या दोडक्यात अंडी घालणारी माशी यांची राहणी इतकी वेगळी आहे, की एकाचा उतारा दुसऱ्याला लागूच पडत नाही. आधी चोर ओळखा, मग बाटली उघडा. अनेकदा बाटलीची गरजही उरत नाही.

ओळखायला वांग्यापासून सुरुवात करू, कारण किडींच्या बाबतीत याच्याइतकं अभागी झाड दुसरं नाही. झाड टवटवीत आहे, माती ओली आहे आणि एकच शेंडा मान टाकून बसलाय. पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी घालतात. तो शेंडा सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खाली कापा आणि उभा चिरून बघा. आतला गाभा पोकळ झालेला असतो, पोकळीत ओलसर विष्ठा भरलेली असते आणि एका टोकाला फिकट गुलाबी रंगाची, तपकिरी डोक्याची अळी वळवळत असते. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. वांगी धरेपर्यंत ती शेंड्यांवर भागवते, मग मोर्चा फळांकडे वळवते. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी वांग्याच्या टोपीखालून आत शिरते आणि शिरल्याची खूण बुजून जाते. ज्या भोकाकडे पाहून आपण वांगं ‘किडकं’ ठरवतो, ते सहसा अळी बाहेर पडल्याचं असतं. तोवर ती खाऊनपिऊन खालच्या पाचोळ्यात कोष करायला गेलेली असते. तिथून पतंग निघतो, तो पुन्हा पानांवर अंडी घालतो.

आता यात फवारणी करणार कुठे? अंड्यातून निघाल्यावर शेंड्यात किंवा फळात शिरेपर्यंत अळी उघड्यावर असते ती जेमतेम काही तास. एरवी तिच्याभोवती वांग्याची भिंत. म्हणूनच शेतात या एका किडीसाठी फवारण्यांवर फवारण्या होतात. जालन्याच्या ‘महिको’ने बीटी वांगं तयार केलं ते याच अळीसाठी. त्यावर देशभर वाद झाला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच वांगं स्वीकारलं. त्या वादात मी इथे पडत नाही. एवढंच म्हणतो, की एकरभर वांगी लावणाऱ्याची अडचण खरी आहे, पण गच्चीवर चार झाडं असणाऱ्याकडे त्याच्याकडे नसलेली एक सोय आहे : प्रत्येक शेंडा रोज डोळ्यांखालून घालता येतो. सुकलेला शेंडा दिसला की त्याच दिवशी कापायचा, भोक पडलेलं वांगं झाडावर ठेवायचं नाही आणि हे सगळं घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून कडक उन्हात टाकायचं. कुंडीशेजारी टाकलेल्या शेंड्यातली अळी पुन्हा त्याच कुंडीत येते. झाडाखालचा पाचोळा उचला. जवळपास बरीच झाडं असतील तर या पतंगाचा कामगंध सापळा मिळतो. त्यात नर अडकतात आणि सापळ्यातली संख्या वाढली की शेंड्यांकडे जास्त लक्ष द्यायचं हेही कळतं.

आपल्याकडे पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा ताटात येतं. यामागे शास्त्र वगैरे असल्याचं मी सांगणार नाही. पण पावसाळी दमट हवेत या अळीचा जोर असतो आणि थंडीत तो ओसरतो, हे मात्र खरं. गच्चीवर पहिल्यांदाच वांगी लावणार असाल तर ती थंडीत फळतील अशा बेताने लावा.

पालक, कोबी, फ्लॉवर यांची गोष्ट सोपी, फक्त वेळेवर लक्ष जायला हवं. एखादं पान जाळीसारखं पारदर्शक झालेलं दिसलं तर ते उलटा. तपकिरी केसांखाली झाकलेला अंड्यांचा पुंजका किंवा एकत्र चरणाऱ्या चिमुकल्या अळ्यांचा घोळका दिसेल. ही तंबाखूवरची पानं खाणारी अळी. नावावर जाऊ नका, ती कशावरही येते. या टप्प्यावर ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकलं की शेकडो अळ्या एकदम संपतात. आठवडाभर दुर्लक्ष केलं तर त्या पांगतात, मोठ्या होतात, दिवसा मातीत दडतात आणि रात्री खातात. मग दिवसा कितीही शोधा, भोकं दिसतील, अळी दिसणार नाही. अशा वेळी रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन गच्चीवर जा आणि काळ्या-हिरव्या ताज्या लेंड्या जिथे पडल्या असतील त्याच्या बरोब्बर वरचं पान बघा.

अळ्या हाताबाहेर गेल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटीची भुकटी वापरावी. हा मातीत सापडणारा जिवाणू आहे. अळीने फवारलेलं पान खाल्लं की त्यातलं प्रथिन तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं आणि आतड्याला छिद्रं पाडतं. अळी काही तासांत खाणं थांबवते, मरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. ‘फवारलं तरी जिवंतच आहे’ म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी जहाल काही आणू नका. बीटी उन्हात लवकर निकामी होतं, तेव्हा फवारणी संध्याकाळी. मावा किंवा पांढऱ्या माशीवर त्याचा उपयोग नाही, कारण ते पान खात नाहीत, रस पितात.

या रसवाल्यांसाठी वेगळा हिशेब. कोवळ्या शेंड्यावर मावा दाटला असेल तर आधी पाण्याची जोरदार धार मारा. खाली पडलेला मावा सहसा पुन्हा वर चढत नाही. उरलेल्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण मिसळून पानांच्या खालून फवारा, आधी एका पानावर करून बघा आणि उन्हात करू नका. मुंग्यांची रांग झाडावर चढत असेल तर तिचा माग काढा. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी काजळी धरते. आणि मागच्या भागातलं एक वाक्य पुन्हा : युरिया किंवा शेणखताची स्लरी जास्त झाली की पालवी लुसलुशीत होते आणि मावा तिथेच आधी येतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द झाल्या तर तो केवडा, पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटा.

दोडकं, कारलं, काकडी वेडीवाकडी होऊन सडत असतील तर दोष फळमाशीचा. फूल सुकून फळ बोटभर झालं की त्याला कागदाची किंवा जुन्या मलमलीची पिशवी बांधा. गच्चीवर याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. सडकी फळं कंपोस्टच्या बादलीत टाकू नका, आतल्या अळ्या मातीत कोष करून पुन्हा माशी होऊन बाहेर येतात.

आता थोडं मित्रांविषयी. गोल, चकचकीत, लाल-काळा ढालकिडा सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याची अळी पाहून लोक घाबरतात : काळपट, लांबुडकी, अंगावर नारिंगी ठिपके, चिमुकल्या मगरीसारखी. ती दिवसभर मावा खाते आणि आपण तिलाच चिरडतो. उलट वांग्याच्या पानांवर बसलेला, फिकट तपकिरी, अंगावर बारीक लव असलेला, बऱ्याच ठिपक्यांचा किडा ढालकिड्याचाच भाऊबंद, पण पानं खरवडून खाणारा. चकाकी नसेल तर संशय घ्या. अळीच्या अंगावर पांढरे बारीक कोष चिकटलेले दिसले तर तिला मुळीच मारू नका. तिच्यात वाढलेल्या गांधीलवर्गी कीटकांचे ते कोष आहेत, त्यातून निघणारे पुढच्या अळ्या गाठतील. कढीलिंबावरची, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी अळी तर फुलपाखराची. डिवचली की डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. झाड मोठं असेल तर चार पानं तिला खाऊ द्या.

जहाल रसायनांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घरच्या भाजीत त्यांचं काम नाही. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण म्हणजे सर्वांत विषारी गट. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही हेही लेबलवर दिलेलं असतं, पण एक दिवसाआड भेंडी तोडणारं घर ते पाळणार कसं? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते उघड्या शिवारात. बंद बाल्कनीत तीच बाटली उघडण्याची कल्पनाही नको. ‘घरगुती’ म्हणून तंबाखूचं पाणी सुचवणारेही बरेच आहेत. निकोटीन कातडीतून शरीरात जातं आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणूही लागू शकतो.

त्यापेक्षा निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून, फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा. सकाळी पुरचुंडी नीट पिळा, अर्क गाळून पाणी घालून लिटरभर करा, चिमूटभर साबण मिसळा आणि त्याच संध्याकाळी फवारा. यातलं अझाडिरेक्टिन किडीला तिथल्या तिथे मारत नाही. खाण्यावरची तिची वासना उडवतं आणि कात टाकण्यात अडथळा आणतं. म्हणून तो कीड दिसू लागताच वापरायचा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. जुना अर्क ठेवून उपयोग नाही, दर वेळी ताजा करा.

अर्काला साधारण तीन ते आठ महिने जुन्या निंबोळ्या चांगल्या. सध्या कडुनिंबाखाली त्यांचा सडा पडलाय. पिकलेल्या वेचा, गर धुऊन काढा, सावलीत खडखडीत वाळवा आणि कापडी पिशवीत हवेशीर टांगून ठेवा. बुरशी धरलेल्या घेऊ नका. दसऱ्यानंतर वांगी-कोबीच्या हंगामाला त्याच कामी येतील.