पाच बाजूंचं आवरण
ब्रिटिश कोलंबियातून किंवा अमेरिकेच्या वायव्य टोकाकडून निघालेल्या मालगाडीत पांढऱ्या गठ्ठ्यांनी लादलेल्या लांबलचक उघड्या वॅगन हमखास दिसतात. आत असतं घरांच्या सांगाड्यासाठी भट्टीत वाळवलेलं लाकूड. ते वाटेत भिजू नये म्हणून सॉ मिलमध्येच गठ्ठ्यावर आवरण चढतं आणि त्यावर कॅनफोर, वेस्ट फ्रेझर, वेयरहाउझर अशी ठळक नावं असतात. मॉडेल रेल्वेच्या १:८७ प्रमाणात, म्हणजे एचओ स्केलमध्ये, हा माल हुबेहूब साकारणारे कारागीर तिकडे पुष्कळ आहेत. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना या वेडाची कल्पना असेल.

असं मॉडेल करताना आधी ते कोणत्या काळातलं हे ठरवावं लागतं. १९४०च्या दशकात कापीव लाकूड बहुधा बंद डब्यातून जाई आणि मजूर एकेक फळी हातानं आत सरकवत. फोर्कलिफ्ट रुळली, पट्ट्यांनी आवळलेले गठ्ठे उघड्या वॅगनवर चढू लागले, तेव्हा कुठे आवरणाची गरज पडली. वाफेच्या इंजिनामागे छापील आवरणाचा माल जाणकाराच्या डोळ्यात खुपतो तो यामुळेच.

सोळा फुटी फळ्यांचा, चार फूट रुंद नि दोन फूट उंच गठ्ठा एचओमध्ये साधारण ५६ × १४ × ७ मिलिमीटरचा होतो. तेवढा लाकडी ठोकळा कापून त्यावर छापील कागद चिकटवायचा. जूनमध्ये वह्यांना कव्हर घालताना कोपरा दुमडतो, तसाच इथे टोकाला दुमडायचा. घडीवर उघडी पडलेली कागदाची पांढरी रेघ आवरणाच्या रंगानं झाकायची. खरं आवरण पाचच बाजूंना असतं. आतली ओल निघून जावी म्हणून तळ उघडा ठेवतात, त्यामुळे मॉडेलमध्येही खालून लाकूड दिसायला हवं.

माझ्या मते खरी परीक्षा गठ्ठ्यांमधल्या फटींची. फोर्कलिफ्टचे दात शिरावेत म्हणून दोन थरांमध्ये आडव्या दांड्या ठेवतात. वजन सरळ खाली उतरावं म्हणून त्या एकाखाली एक, एका रेषेत असतात. मॉडेलमध्ये ही जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पट्टी. ती गाळली की कितीही सुबक छपाई केली तरी माल खोक्यांसारखा दिसतो.

मधोमध उभा कणा असलेली ७३ फुटी सेंटरबीम वॅगन तर आणखी काटेकोर. तिच्या दोन्ही बाजू तोलूनच भराव्या लागतात, नाहीतर खरी वॅगनसुद्धा कलंडू शकते. म्हणून एक बाजू भरलेली आणि दुसरी रिकामी असं मॉडेल मुळातच चुकतं. माल बांधणाऱ्या तारांसाठी बारीक काळा दोरा चालतो, पण तो ताणलेलाच हवा.

वजनाचंही गणित आहे. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन लागतं. दहा इंची सेंटरबीमला सहा औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. ते सगळं उंच रचलेल्या गठ्ठ्यांत आलं तर डबा वळणावर झुकतो. म्हणून वरचे ठोकळे बाल्सासारख्या हलक्या लाकडाचे घ्यायचे आणि शिसं जमेल तितकं तळाशी बसवायचं.