वय विचारलं कुणी?

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्यानंतर गाजला तो गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने जामीन देताना लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध. अपघाताच्या आधीच्या तासांची चर्चा मात्र तेवढी झाली नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, बारावी पास झालेला सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर त्या रात्री दोन ठिकाणी बसला होता आणि पहिल्या ठिकाणचं बिलच ४८ हजारांचं झालं होतं. एवढं बिल होईपर्यंत टेबलाशी किती वेळा कुणी आलं-गेलं असेल! वय विचारावं असं कुणाला वाटलं नाही. आणि हे कुठे, तर बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण हवीत असा नियम असलेल्या राज्यात. इतकी वरची अट देशात मोजक्याच ठिकाणी आहे.

ती अट इतकी पोकळ कशी राहिली, हे कळायला पंचाहत्तर वर्षं मागे जावं लागतं. आपला कायदा कुणी किती वयापासून प्यावं हे ठरवायला झालेलाच नव्हता. कुणीच पिऊ नये, यासाठी तो झाला. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात त्यातली काही कलमं काढली, बाकी कायदा शाबूत ठेवला. सगळ्यांनाच मनाई असली की वयाचा प्रश्न उरत नाही, निदान कागदावर. प्रत्यक्षात मुंबईत हातभट्टीची दारू सायकलच्या ट्यूबांमधून फिरू लागली, चोरून दारू पाजणाऱ्या आंट्यांचे अड्डे उभे राहिले. बेकायदा विकणारा गिऱ्हाइकाचं वय कशाला बघेल? पोरगा असो की म्हातारा, दोघांना विकण्यात त्याची जोखीम सारखीच.

हे लक्षात आलं म्हणा किंवा तिजोरीची आठवण झाली म्हणा, वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि परवानाधारक दुकानं उघडली. पण मूळ कायदा रद्द केला नाही. मुंबई राज्याची विभागणी झाल्यावर, १९६० नंतर, गुजरातने तोच कायदा वापरून बंदी चालू ठेवली, आपण तोच कायदा ठेवून दुकानं चालू केली. त्यामुळे महाराष्ट्रात दारू पिणं आजही मुळात गुन्हा आणि परवान्यापुरती सूट. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन, आयुष्यभराचा हजार. वयाची अट याच परवान्याला चिकटलेली.

खरी मेख इथे आहे. वय तपासण्याची सगळी भिस्त ज्या कागदावर, त्या एकदिवसीय परवान्यांचं पुस्तक विकणाऱ्याच्याच ड्रॉवरमध्ये. गिऱ्हाईक बाटली घेऊन जातं आणि पावत्या नंतर निवांत भरल्या जातात, कधी कुणाच्याही नावाने. ज्याने नाही म्हणायचं, त्याचीच कमाई हो म्हणण्यात.

२०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण जाहीर झालं तेव्हा पंचविशीच्या अटीवरून बराच गदारोळ उठला. अभिनेता इम्रान खान जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेला. मत देता येतं, लग्न करता येतं, मग एक पेग का नाही, हा युक्तिवाद तरुणांना पटण्यासारखाच होता. पण दोन्ही बाजू आकड्यावर भांडत राहिल्या. काउंटरवर तो आकडा कोण पाळतो, हे विचारायचं राहूनच गेलं.

अमेरिकेने या प्रश्नाची फार मोठी परीक्षा देऊन ठेवली आहे. १९७० च्या दशकात तिथल्या अनेक राज्यांनी वय १८ वर आणलं, रस्त्यांवर तरुण मरू लागले, आणि १९८४ च्या केंद्रीय कायद्याने महामार्गांचा निधी कापण्याची धमकी देऊन सगळ्यांना २१ वर नेलं. लुइझियानाने मात्र पळवाट ठेवली: एकविशीखालच्याने दारू विकत घेणं बेकायदा, पण दुकानदाराने त्याला विकणं गुन्हा नाही. ही गंमत १९९५ पर्यंत चालली. देशभरात बारावीतल्या, महिन्याभरात दारू प्यायलेल्या मुलांचं प्रमाण १९८० मधल्या ७२ टक्क्यांवरून २०२३ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय वयाच्या अटीला देणं भाबडेपणाचं होईल, पण ओळखपत्र मागण्याची सवय तिथे दुकानदाराला लागली, हे खरं.

आपल्याकडे अल्पवयीन मुलांचं पिणं अजून तेवढं सर्रास नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयोगटात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्के निघालं. म्हणजे वेळ गेलेली नाही. पण आपला सगळा जोर दुकान हवं की नको यावरच. दुकान ठेवायचं की बंद करायचं यावरच्या उभी बाटली-आडवी बाटली मतदानात बायकांनी गावोगावची दुकानं बंद पाडली, ते मोलाचंच. चंद्रपुरात २०१५ मध्ये जिल्हाबंदी आली ती मोठ्या आंदोलनातून; २०२१ मध्ये ती उठवताना सरकारने दिलेल्या कारणांत बेकायदा धंद्यात बायका-मुलं ओढली गेल्याचंही कारण होतं. दारूमुक्तीसाठी झटणारे डॉ. अभय बंग यांनी या निर्णयाला कडाडून विरोध केला. मला त्यांची तळमळ पटते. पण बंदी अंमलाविना ठेवली तर मुलं गिऱ्हाईक होण्याआधी हमाल होतात, हेही दिसतं.

कायद्यात दात नाहीत असंही नाही. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पुण्यातल्या अपघातानंतर बारवाल्यांवर या कायद्याखाली कारवाई झाली, दोन्ही ठिकाणांना टाळं लागलं. दोन माणसं गेल्यावर.

जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचं शुल्क वाढवलं. देशीच्या १८० मिलीचा किमान भाव ८० रुपये, विदेशीचा २०५. हातखर्चातून पिणारा मुलगा भाववाढीने सगळ्यात आधी मागे हटतो, तेव्हा याचा थोडाफार उपयोग होईलही. निर्णयामागचा हिशोब मात्र वर्षाला १४ हजार कोटींच्या जादा महसुलाचा होता. त्याच निर्णयात एआयवर चालणारा नियंत्रण कक्षही मंजूर झाला. त्याने नजर ठेवायची ती मद्याच्या कारखान्यांवर, बाटल्या भरणाऱ्यांवर आणि घाऊक विक्रेत्यांवर.