शून्य शिट्टीची कसोटी

नागपूर आकाशवाणीचे प्रक्षेपण १९४८ मध्ये सुरू झाले. त्या काळातील व्हॉल्व्हच्या रेडिओंची जुळणी करण्यासाठी प्रयोगशाळांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत एक उपकरण लागे. ते म्हणजे रेडिओ-लहरी निर्माण करणारा टेस्ट ऑसिलेटर.

त्याची रचना साधी असे. तारेचे वेटोळे आणि फिरता कंडेन्सर ठरावीक वारंवारतेने आंदोलित होत. आंदोलनातील ऊर्जेची झीज व्हॉल्व्ह भरून काढी. तबकडी फिरवली की वारंवारता बदले. या लहरीवर बहुधा ४०० हर्ट्झचा सूर चढवलेला असे, म्हणून ती रेडिओत ऐकू येई.

सुपरहेट रेडिओ कोणतेही केंद्र प्रथम एका मधल्या वारंवारतेवर आणतो. ही बहुधा ४५५ किलोहर्ट्झ असते. ५८५ किलोहर्ट्झवरील नागपूर केंद्र लावले की रेडिओतील स्वतःचा ऑसिलेटर १०४० वर चालतो. दोहोंतील फरक ४५५. ही जुळणी बिघडली, तर आवाज क्षीण होतो आणि केंद्रे एकमेकांत मिसळतात.

मात्र ज्या उपकरणाने जुळणी करायची, तेच चुकत असेल तर? उष्णतेने आणि वयोमानाने त्याची तबकडी खोटे बोलू लागते. ४५५ वर एका टक्क्याची चूक म्हणजे साडेचार किलोहर्ट्झ. मध्यम लहरींवरील दोन केंद्रांत अंतर असते अवघे नऊ किलोहर्ट्झ.

या चुकीवरचा उपाय आकाशवाणीच पुरवीत असे. प्रक्षेपकाची वारंवारता क्वार्ट्झ स्फटिकाने स्थिर राखलेली असते. रेडिओवर केंद्र लावून, सूर बंद केलेला ऑसिलेटर त्याच्या जवळ आणला की शिट्टी ऐकू येते. तबकडी फिरवता ती खर्जात उतरत शून्य होते, तेव्हा दोन्ही वारंवारता समान झालेल्या असतात.

नागपूरला १९८८ मध्ये आणखी एक खूण लाभली. १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून १५६६ किलोहर्ट्झवर राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. ती पुढे बंद झाली. ऑसिलेटरच्या लहरीत तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारताही असतात. त्यामुळे ऑसिलेटर ५२२ वर असता तिप्पट आणि ३९१.५ वर असता चौपट लहर १५६६ शी जुळे. ४५५ या दोन खुणांच्या मधोमध येत असल्याने तिथली चूक अंदाजता येई.

आज हे काम फ्रीक्वेन्सी काउंटर क्षणात करतो. तरीही प्रयोगशाळेच्या कपाटातील जुना ऑसिलेटर भंगारात काढण्यापूर्वी, त्यातील उच्च दाबाची काळजी घेऊन, जाणकाराकडून तपासून घ्यावा. मोजणाऱ्यालाही मोजावे लागते, हे विद्यार्थ्यांना त्याच्याइतके सोपे करून सांगणारे दुसरे साधन विरळा.